मोट सुटली आणि हेड आलं

गेवराई तालुक्यातलं तलवाडा हे गाव आसपासच्या मुलखाला त्वरिता देवीमुळे ठाऊक आहे. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते आणि बीड जिल्ह्याची हद्दही तिकडे तीच आखते. नदी एवढी जवळ, पण तिचं पाणी शेतात चढवणारं साधन पिढ्यान्‌पिढ्या नव्हतं. वर काळी माती आणि खाली काळा पाषाण असलेल्या या शिवारात बागायत म्हणजे विहीर, आणि विहीर म्हणजे मोट, हाच हिशेब होता. पुढे इंजिन आलं आणि हिशेब बदलला. बागायत आता लोखंडाच्या एका सपाट, हाताच्या पंजाने झाकता येईल एवढ्या पृष्ठभागावर अवलंबून राहू लागली. इंजिनाच्या सिलिंडरवर बसणाऱ्या हेडची ती खालची बाजू. ती स्वच्छ आणि सपाट असेल तर पाणी. नसेल तर बैलही विकलेले आणि इंजिनही बंद.

मोटेच्या काळात मोडतोड व्हायचीच. पण ती दुरुस्त करणारे हात गावातच होते. कातडी मोट शिवणारे ढोर-चांभार, नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर वळणारे मातंग, चाक आणि कणा बसवणारा सुतार. या सगळ्यांची मजुरी बलुत्यात, सुगीला खळ्यावर धान्यात चुकती होई. मोट दुपारी फाटली तर संध्याकाळपर्यंत ती शिवून धावेवर बैल पुन्हा उतरत. इंजिनाला या व्यवस्थेत जागा नव्हती. इंजिन दुरुस्त करणारा माणूस कुणाचा बलुतेदार नव्हता. तो रोख पैसे मागे, आणि बऱ्याचदा तो गावात नसेच. मराठवाड्याच्या खेड्यांत रोख मजुरीवर, जातीने न ठरलेलं असं जे पहिलंवहिलं कारागिरीचं काम शिरलं, त्यात या मिस्त्रीचं नाव वरच घ्यावं लागेल.

अशी इंजिनं देशात बनू लागली तेव्हा तलवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. इंजिनं बनत होती ती सरहद्दीपलीकडे, ब्रिटिश मुलखात आणि लहान देशी संस्थानांत. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना घातला, आणि १९३३ साली तिथून पहिलं भारतीय बनावटीचं डिझेल इंजिन बाहेर पडलं. हेच कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. इंजिन बनवणारा माणूस प्रांताचा कारभार चालवतो, हा योग महाराष्ट्राच्या राजकारणात पुन्हा जुळून आल्याचं ऐकिवात नाही. औंध संस्थानात १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने आधी लोखंडी नांगर, मग चरक, मग पंप असा प्रवास केला आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. पण साताऱ्याहून किंवा पुण्याहून माल हैदराबाद संस्थानात आणायचा तर वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानची जकात. चलनही वेगळं, हाली सिक्क्याचं. त्यात बीडला रेल्वे नव्हती. परळीपर्यंत गाडी आली होती, पण परळी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आणि गेवराई उत्तरेला.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. गोदाकाठच्या विहिरींवर इंजिनांचा आवाज घुमू लागला तो मुख्यतः या काळात, तगाईच्या आणि सोसायटीच्या कर्जावर. जकात गेली होती, पतपुरवठा आला होता.

दोन घराण्यांची इंजिनं या भागात दिसत. एक संथ चालणारं, दोन मोठ्या फ्लायव्हीलचं. त्याचा मूळ नमुना इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचा, १९२९च्या सुमाराचा. मिनिटाला ६००-६५० फेरे घेणाऱ्या या इंजिनाची नक्कल राजकोटच्या कारखान्यांनी इतक्या संख्येने काढली, की मूळ कंपनीने उत्पादन थांबवल्यावरही गुजरातेत ती बनत राहिली. दुसरं घराणं चपळ इंजिनांचं. त्यातलं किर्लोस्करचं एव्ही-वन हे नाव मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. पाच अश्वशक्ती, मिनिटाला १५०० फेरे, सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची चाल ११० मिलिमीटर. याचाही मूळ आराखडा इंग्रजीच, पेटर कंपनीचा. लोक त्याला ‘पीटर’ म्हणून मोकळे झाले, आणि पुढे दिसेल त्या लहान इंजिनाला पीटर म्हणू लागले.

८० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरतं. डिझेल पेटतं त्या क्षणी आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोच्या घरात जातो, म्हणजे हेडला वर उचलू पाहणारं बळ तीन टनांच्या आसपास. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा हा तडाखा बसतो. १५०० फेऱ्यांना मिनिटाला ७५०. हे बळ मोजके स्टड आणि नट धरून ठेवतात. हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या फटीतून वायू निसटू नये, पाणी आत शिरू नये आणि तेल बाहेर येऊ नये, ही तिन्ही कामं मात्र गॅस्केट नावाच्या पातळ चकतीकडे. तिला दोन्ही बाजूंनी सारखा दाब मिळाला तरच ती टिकते. खाली जुन्या गॅस्केटचा नखाएवढा तुकडा चिकटून राहिला असेल, तर तिथे हेड टेकतं आणि शेजारी उचललेलं राहतं. नट कितीही आवळले तरी ही चूक सुधारत नाही. उलट हेड वाकतं.

आता गोदाकाठच्या दुष्काळाचा आणि या चकतीचा संबंध.

पाण्यावर थंड होणाऱ्या शेतीच्या इंजिनाला बहुधा रेडिएटर नसतो. पंपाने उचललेल्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनाच्या जाकिटात सोडलेली असते. ते पाणी सिलिंडर आणि हेड थंड करून बाहेर पडतं आणि पाटात जातं. सोय मोठी झकास, पण एका अटीवर: विहिरीत पाणी हवं. विहीर आटली, फूटव्हॉल्व्ह उघडा पडला, पंपाने हवा ओढली की पाट कोरडा पडतो आणि त्याच क्षणी इंजिनाचं थंड होणंही थांबतं. राखणदार लांब असेल, डोळा लागला असेल, तर दहा-पंधरा मिनिटांत हेड तापून जातं. गॅस्केट जळतं, हेडला बाक येतो, कधी दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीला तडा जातो. पावसाने ओढ दिली की मिस्त्रीकडची कामं वाढत, ती यामुळे.

त्यात पंपाची मर्यादा. काठावर बसवलेला पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबावर, आणि व्यवहारात ही ओढ सहा-सात मीटरपलीकडे जात नाही. पाणी खाली गेलं की इंजिनालाही त्याच्यामागे खाली जावं लागे. विहिरीच्या कपारीत लाकडी ओंडके नाहीतर लोखंडी गर्डर टाकून त्यावर इंजिन दोरांनी उतरवलं जाई. खाली हवा कोंडलेली, धुराची नळी वरपर्यंत नेलेली असेलच असं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बंद पडलेलं इंजिन बघायला उतरलेला माणूस खालीच राहिल्याच्या घटना महाराष्ट्रभर घडल्या आहेत. १९७२च्या दुष्काळात विहिरी खोल करण्याची, त्यांत इंजिनं उतरवण्याची आणि मग तीच तापून बसण्याची साखळी मराठवाड्यात घरोघर अनुभवाची झाली. विहिरीत हेड खोलणं म्हणजे वरून माती पडत असताना, अपुऱ्या उजेडात, पायाखाली दोन बोटं जागा असताना करायचं काम. शहाणा मिस्त्री हेड वर आणूनच साफ करी, आणि ब्लॉकच्या तोंडावर तेवढ्यापुरतं ओलं फडकं घालून ठेवी.

हेड गेल्याचं निदान यंत्राशिवाय होत असे. हँडल मारताना दाब लागत नाही, म्हणजे ‘कॉम्प्रेशन धरत नाही’. जाकिटातून बाहेर येणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसतात. धूर पांढरा होतो. चेंबरमधलं तेल ताकासारखं गढूळ-पांढरं निघालं, तर पाणी तेलात उतरल्याची खात्री. शेतकऱ्याचा प्रश्न मग एकच: “मिस्त्री, आजच्याला होईल ना? ऊस वाळायलाय.”

आणि घाई इथेच नडते. हेड उतरवायला अर्धा तास, बसवायला तासभर. साफसफाईला मात्र वेळेची मर्यादा घालता येत नाही. गिऱ्हाईक डोक्याशी उभं असताना ज्याच्यावर वेळ घालवलेला दिसत नाही असं हे काम. नवं गॅस्केट दिसतं, नवे नट दिसतात, स्वच्छ केलेला पृष्ठभाग मात्र हेड बसवल्याबरोबर कायमचा झाकला जातो. म्हणून तो आळशी हाताला लबाडी करायला सोपा आहे.

पद्धत पाहू. इंजिन पूर्ण निवल्याशिवाय नटला पाना लावायचा नाही. गरम हेड मोकळं केलं तर ते वाकूनच निघतं. नट एकाच वेळी पूर्ण सोडायचे नाहीत, बाहेरून आत येत थोडेथोडे ढिले करायचे. हेड चिकटलं असेल तर फटीत पटाशी घालून उचकटायचं नाही, कारण तो ओरखडा पुढे वायूची वाट बनतो. लाकडी हातोडीने बाजूने ठोकायचं. हेड निघालं की पिस्टन वर आणून त्याच्या कडेच्या फटीत ग्रीस भरायचं आणि पाण्याच्या भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबायचे. खरवडताना पडणारा कचरा ग्रीसमध्ये अडकतो आणि शेवटी पुसून निघतो. पिस्टन रिंगेत गेलेला कार्बनचा एक खडा लायनरवर उभी रेघ मारतो, ती मग बोअर केल्याशिवाय जात नाही.

खरवडायला दुकानातलं हत्यार क्वचितच असे. हॅक्सॉचं मोडलेलं पातं दगडावर घासून केलेलं, नाहीतर जुन्या कानशीची धार काढून केलेलं स्क्रॅपर. ते तिरपं, जवळजवळ आडवं धरून ओढायचं. मधूनमधून रॉकेल. कार्बनचा थर रॉकेलने भिजतो, मऊ होतो, मग निघतो. कोरडा खरवडला तर लोखंडही सोबत जातं. रॉकेल तेव्हा रेशनच्या दुकानात मिळे, निळ्या रंगाचं, आणि घरातल्या चुलीसाठी आलेल्या त्या कोट्यातलं थोडं प्रत्येक गॅरेजच्या पत्र्याच्या डब्यात पोहोचे, याची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर सापडायची नाही. आता रेशनचं रॉकेल जवळजवळ संपल्यावर त्याच डब्यात डिझेल किंवा पेट्रोल असतं. पेट्रोलला जपावं लागतं; डिझेल वाळत नाही, मागे तेलकट थर ठेवतं. म्हणून शेवटचा हात कोरड्या सुती फडक्याने, आणि तेही फडक्यावर डाग पडणं थांबेपर्यंत.

सर्वांत जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे स्टडची भोकं. आंधळ्या भोकात, म्हणजे आरपार नसलेल्या भोकात, तेल किंवा पाणी साचलेलं राहिलं आणि त्यावर बोल्ट आवळला तर द्रव दबत नाही. एकतर बोल्ट तळाला टेकल्यासारखा खोटा कस दाखवतो, नाहीतर ब्लॉकच फुटतो. फुंकर मारून, चिंधी वळून घालून ती भोकं कोरडी करणारा मिस्त्री अनुभवी समजावा.

मग सपाटी. स्टीलची सरळ पट्टी हेडवर उभी धरायची, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत. मागे बॅटरी धरायची आणि पट्टीखालून उजेड दिसतो का पाहायचं. दिसला तर त्या फटीत फिलर गेजचं पातं सरकवायचं. लहान हेडला ०.०५ मिलिमीटरचं पातं शिरलं तर विचार करायचा, ०.१० शिरलं तर हेड लेथवर न्यायचं. फिलर नसेल तेव्हा सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद फटीत सरकवून पाहणारेही होते. कागद किती जाड हे कुणी मोजलेलं नसे. तरी अंदाज बरा लागे, असं म्हणायला जागा आहे, कारण बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं हेड आणि जाड गॅस्केट यांच्यात माफीला पुष्कळ वाव होता.

या पट्टीमागे एक जुनी इंग्रजी गोष्ट आहे. खरोखरचा सपाट पृष्ठभाग कसा करायचा, हे १८४० साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी ग्लासगोच्या विज्ञानसभेत निबंध वाचून सांगितलं. त्याआधी कारागीर दोन पत्रे एमरी लावून एकमेकांवर घाशीत. व्हिटवर्थ यांचं म्हणणं, यात एक पत्रा फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट होऊ शकतो. दोघं एकमेकांशी बिनचूक जुळतात आणि तरी सपाट कुणीच नसतं. उपाय, तीन पत्रे घ्यायचे, आळीपाळीने एकमेकांवर ठेवायचे, रंगाचा डाग जिथे उमटेल तो उंचवटा स्क्रॅपरने खरवडायचा. तीनही पत्रे एकमेकांशी जुळले की सपाटीला दुसरी पळवाट उरत नाही.

उंचवटा दाखवणारा हा रंग वर्कशॉपमध्ये बहुधा निळा असतो, आणि जुन्या फिटरांकडे लाल. लाल म्हणजे तेलात कालवलेलं रेड लेड, शिशाचं ऑक्साइड. गावच्या मारुतीला चढणारा पारंपरिक शेंदूर तोच. सरफेस प्लेटवर शेंदराचा पातळ हात द्यायचा, त्यावर हेड टेकवून हलकेच हलवायचं, उलटं करायचं. लाल ठिपके सगळीकडे सारखे उमटले तर काम झालं. शिसं विषारी आहे, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नये, हे मात्र देवळात कुणी सांगितलं नाही आणि वर्कशॉपमध्येही फारसं नाही.

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला गेलेल्या मुलाला पहिले कितीतरी दिवस लोखंडाचा एक तुकडा कानशीने सपाट करायला लावतात. देशभरात ही कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. हात सोलपटून निघतात आणि मुलाला वाटतं, आपण इंजिन शिकायला आलो की लोखंड घासायला. पण सपाट म्हणजे काय हे हाताला कळल्याशिवाय हेडवरून बोट फिरवण्याला अर्थ येत नाही. दुसरी शाळा एसटीची. १९६१ साली मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली, आणि औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाण्याला महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. डेपोच्या कार्यशाळांत ओळीने हेडं उतरत, धुतली जात आणि चढत. तिथे टॉर्क पाना होता, गावात नव्हता. गावात हाताच्या लांबीवर आणि खांद्याच्या जोरावर कस ठरे.

गॅस्केट बराच काळ तांबं आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं होतं: दोन बाजूंना तांब्याचा पत्रा, मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचा थर. पैसे वाचवायचे तर तेच पुन्हा वापरत. तांबं दाबून दाबून कडक होतं. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ पडतं. पोलादाच्या बाबतीत नेमकं उलट घडतं, म्हणून लोहाराच्या भात्याशी वाढलेल्या माणसाला हे शिकवताना त्रास होई. दोन्ही बाजूंना शेलॅक किंवा सिल्व्हर रंगाचा हात देऊन ते चढवत. या काटकसरीची दुसरी बाजू अशी, की फाटलेलं अ‍ॅस्बेस्टॉस कोरडं खरवडलं की त्याचे तंतू हवेत उडतात. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्या जाती कर्करोगाला कारण ठरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा आहे, आणि हा रोग उमटायला दशकं लागतात. रॉकेलने भिजवून खरवडायची रीत निदान त्या धुळीला बसवत होती. कारागिरांनी ती लोखंडासाठी पाळली. फुप्फुसांना तिचा फायदा आपोआप झाला.

२४ फेब्रुवारी १९७६ रोजी जायकवाडीचं उद्‌घाटन झालं. पैठणहून निघालेला १३२ किलोमीटरचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावच्या धरणाकडे जातो. कालव्याच्या आणि नदीच्या काठाकाठाने इंजिनं बसली, काही परवानगीने, बरीचशी तशीच. ऊस वाढला, गढीला जय भवानी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. परळीच्या औष्णिक केंद्रातून १९७१ पासून वीज निघत होती, पण त्याच जिल्ह्यातल्या शिवारांत भारनियमनाने इंजिनांची सोबत सुटू दिली नाही. वीज आली की मोटार, गेली की इंजिन, अशी जोडगोळी एकाच विहिरीवर वर्षानुवर्षं नांदली.

या जिल्ह्याच्या मिस्त्रीचं वर्ष मात्र ठरवलं ते ऊसतोडीने. बीडमधून दरवर्षी लाखो माणसं तोडणीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेल्या टोळीबरोबर ट्रक किंवा ट्रॅक्टर जातो, आणि सहा महिने तो दुसऱ्याच्या मुलखात, ओव्हरलोड, चिखलात चालायचा असतो. तिथे हेड गेलं तर टोळी फडात बसून राहते आणि वाहतुकीचा करार अंगावर येतो. त्यामुळे ओव्हरहॉलिंगची कामं दसऱ्याच्या आधी उरकायची, हा दंडक. नवरात्रात तलवाड्याला देवीची गर्दी आणि त्याच दिवसांत गॅरेजमध्ये उघडी पडलेली हेडं. खंडेनवमीला पाने, हातोड्या, व्हाइस धुऊन-पुसून हळदीकुंकू लागतं. स्क्रॅपरला वर्षातून एकदा कुणी नीट पाहतं ते त्या दिवशी.

बदल झाला तो धातूत. १९८५ साली हीरो होंडाची सीडी-हंड्रेड आली आणि पुढच्या पंधरा वर्षांत मोटरसायकल हे गावाचं वाहन झालं. तिचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. राजदूत, बुलेटला ते आधीही होतं, पण ती वाहनं गावात मोजकी. शतकाच्या शेवटी बारामतीच्या कारखान्यातून अ‍ॅपे रिक्षा आल्या, जीपगाड्यांत नवी डिझेल इंजिनं आली. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, लवकर वाकतं आणि मऊ आहे. बिडाच्या हेडवर ज्या हाताने चाळीस वर्षं नाव कमावलं, तोच हात या हेडचा शत्रू निघाला. कानशीच्या स्क्रॅपरचा एक जोरकस झटका, आणि सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत ओरखडा तयार. जुना मिस्त्री म्हणे, “इतकी वर्षं असंच करत आलो.” ते खरंच होतं. हात चुकत नव्हता, हाताखालचं सामान बदललं होतं.

गॅस्केटही बदललं. पातळ पोलादी पत्र्यांचे थर एकावर एक ठेवून केलेली गॅस्केटं १९९०च्या दशकापासून मोटारींत रूढ झाली. ती दबून खाचा भरून काढत नाहीत, स्प्रिंगसारखी ताठ राहतात. त्यांना ०.८ मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक खडबडीतपणाचा पृष्ठभाग लागतो. जुन्या गॅस्केटला याच्या दुप्पट-तिप्पट खरखर चालून जाई, किंबहुना थोडी खरखर असली तर ते पकड धरी. म्हणून एमरी पेपरने चकाकी आणण्याच्या सवयीचं काय करायचं, हा प्रश्न आला. हाताने घासताना बोटांचा दाब जिथे जास्त तिथे खळगा पडतो. कागद जाड काचेवर पसरून हेड त्यावर फिरवलं तर कमी, पण काच सपाट आहे याची हमी कोण देणार? व्हिटवर्थ यांची शंका इथेही लागू पडते.

त्यातून ग्राइंडरला लावायच्या फिरत्या चकत्या बाजारात आल्या. पाच मिनिटांत हेड चकचकीत. जनरल मोटर्सने याविरुद्ध आपल्या वर्कशॉपना लेखी इशारा दिला: चकतीतून निघणारी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड तेलात मिसळते आणि बेअरिंगं खाते. म्हणजे गॅस्केट नीट बसतं आणि काही दिवसांनी क्रँक जाते. गिऱ्हाईक दुसऱ्या बिघाडाचा संबंध पहिल्या साफसफाईशी लावत नाही, त्यामुळे चकती विकली जातेच. अ‍ॅल्युमिनियमला खरा इलाज कंटाळवाणा आहे: गॅस्केट काढायचं रसायन लावून थांबायचं, प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडायचं, पुन्हा लावायचं.

लेथवाल्याकडे नेऊन ‘फेस मारून आणणं’ हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग वाटतो, पण प्रत्येक कट हेडचं आयुष्य खातो. लोखंड जितकं निघालं तितका व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. जुने लोक पिस्टनवर शिशाची तार ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवत आणि चेपलेल्या तारेची जाडी पाहून किती जागा उरली ते ठरवत. ही तपासणी आजही तितकीच बिनचूक आहे आणि तिला वीज लागत नाही.

विहिरीवरची इंजिनं आता थोडी उरली. सबमर्सिबल मोटारींनी ती मागे सारली, आणि २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतली पॅनेलं शिवारात दिसू लागली. त्यांना हेडच नाही. गॅरेजचं काम ट्रॅक्टर, मोटरसायकल आणि पिकअपवर आलं आहे, आणि भांडण आता बोल्टवरून होतं. नव्या इंजिनांत हेडचे बोल्ट ठरावीक कस देऊन मग अंशांत मोजून आणखी फिरवायचे असतात. त्यात बोल्ट मुद्दाम ताणला जातो आणि बहुतेक कंपन्या तो पुन्हा वापरू नका म्हणतात. शेतकरी जुना बोल्ट उन्हात धरून फिरवतो: “मिस्त्री, याला काय धाड भरलीय? चांगला तर आहे.” मिस्त्री नवा बोल्ट त्याच्या शेजारी उभा करून लांबीतला फरक दाखवतो. फरक डोळ्याला दिसण्याइतका असला तर गिऱ्हाईक मान डोलावतं. नसला, तर व्हर्नियर काढावा लागतो, आणि नवा संच दुकानात नसेल तर साफ केलेलं हेड पुन्हा फडक्यात गुंडाळून बीडच्या गाडीची वाट पाहावी लागते.